लेव्हितानचा शरद आणि मुलांची रंगपेटी

रशियन शाळांत मातृभाषेच्या अध्यापनाची एक जुनी आणि आजही चालू असलेली रीत अशी आहे की, मुलांपुढे एखाद्या विख्यात चित्राची प्रतिकृती ठेवावयाची, तिच्यावर प्रश्नोत्तरे करावयाची आणि मग त्या चित्रावर निबंध लिहून घ्यावयाचा. हा तेथील भाषाशिक्षणात एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे. चित्रकलेच्या तासाला याच रीतीचे भावंड आढळते: चित्र पाहावयाचे, त्यावर बोलावयाचे आणि त्याच धर्तीवर स्वतः रंगवावयाचे. पाने पिवळी पडू लागली की या दोन्ही तासांना वरचेवर भेटणारे चित्र म्हणजे इसाक लेव्हितान याचे ‘सुवर्ण शरद’. निबंधाचा तास आणि रंगांचा तास यांचा साचा एक आहे, आणि म्हणूनच रंगांच्या तासाला जे बिघडते त्याचे मूळ रंगांत नसून शब्दांत आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम मूळ चित्र पाहणे अवश्य आहे, कारण मुलांची अनुकरणे पाहून मूळ चित्राची जी कल्पना होते ती बव्हंशी चुकीची असते. लेव्हितानने (१८६०–१९००) हे तैलचित्र १८९५ साली रंगविले. तव्हेर प्रांतातील गोरका या वाडीजवळून वाहणाऱ्या स्येझा या लहानशा नदीचा हा देखावा होय. पुढील वर्षी पावेल त्रेत्याकोव्ह याने ते विकत घेतले आणि आज ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. रुंदी सव्वा मीटर, उंची सुमारे ८२ सेंटिमीटर. डाव्या हाताला बर्च वृक्षांची राई पिवळीजर्द झालेली आहे. तिच्यापुढे अगदी जवळ उभी असलेली दोन अस्पेनची झाडे जवळजवळ निष्पर्ण आहेत आणि उरलेली थोडी पाने तांबूस आहेत. मधून नदी येते. तिचा रंग गार, गडद निळा. वर फिकट निळे आकाश आणि पांढरे-करडे ढग. दूरवर काही घरे, आणि त्यांच्या आसपास हिवाळी पिकाचा कोवळा हिरवा पट्टा. हे पीक बर्फ पडण्यापूर्वी पेरतात आणि ते शरदातच उगवून येते. म्हणजे ज्याला आपण पानगळीचे चित्र म्हणतो त्यात काही उगवतही आहे.

या चित्रात पिवळ्या रंगाने व्यापलेले क्षेत्र वाटते तेवढे मोठे नाही. गवत पिवळट असले तरी मातकट आहे, आणि नदी, आकाश व शेत मिळून कॅनव्हासचा बराच भाग निळ्या-हिरव्याकडे जातो. राई सोन्यासारखी दिसते ती पिवळा रंग पुष्कळ वापरल्यामुळे नव्हे. तिच्या पायथ्याशी गडद निळे पाणी आहे म्हणून ती तशी दिसते. फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसते, ते शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदात असते. योझेफ आल्बर्स याने रंगांच्या परस्परक्रियेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात चित्रकाराच्या बाजूने हेच प्रयोगाने दाखविले: एकच रंग दोन निराळ्या पार्श्वभूमींवर ठेवला की तो दोन रंगांसारखा दिसतो.

आता तास पाहावा. प्रतिकृती फळ्यावर लागते. ती बहुधा पुस्तकाच्या पानाएवढी असते, त्यामुळे पानांच्या जागी थापलेला रंगाचा जाड थर आणि पाण्याच्या जागी पसरलेला पातळ थर हा भेद तेथे मुळातच हरवलेला असतो. मग प्रश्न येतात. ऋतू कोणता? कशावरून ओळखलेत? पाने कोणत्या रंगाची आहेत? कोणती विशेषणे त्यांना लावता येतील? चित्र पाहून मनाची अवस्था कशी होते? उत्तरे फळ्यावर लिहिली जातात: सोनेरी, किरमिजी, तांबूस; निर्मळ हवा; प्रसन्नता, किंवा किंचित उदासी. पुष्कळदा पुश्किनच्या ‘शरद’ या १८३३ च्या कवितेतील काही भागही याच वेळी वाचला जातो. यानंतर मुले रंगपेटी उघडतात. गवाश, म्हणजे आपल्याकडील पोस्टर रंगांच्या जवळचा अपारदर्शक जलरंग, हे तेथील नेहमीचे माध्यम. कागदावर क्षितिजाची रेषा, तीतून नागमोडी येणारी नदी, काठावर पांढरे खोड, आणि कुंचल्याच्या टोकाने किंवा स्पंजने उठविलेले पिवळे ठिपके.

या क्रमात शब्द रंगाच्या आधी आला, ही त्यातली मुख्य गोष्ट होय. मूल जे रंगवते ते लेव्हितानचे चित्र नाही आणि खिडकीबाहेरचे झाडही नाही. ते फळ्यावरील शब्दांची यादी रंगवते. यादीत ‘सोनेरी’ असल्यामुळे कागदावर पिवळा येतो, आणि यादीत हिवाळी पिकाचा हिरवा नसल्यामुळे तो येत नाही. नदी ‘निळी’ म्हणून डबीतला निळा जसाच्या तसा लागतो. तीस मुलांच्या तीस कागदांत जे साम्य दिसते त्याचे श्रेय वा दोष लेव्हितानला देणे अन्यायाचे आहे.

चित्राच्या साहाय्याने मुलाची जीभ मोकळी होते, हा विचार रशियात कॉन्स्तान्तीन उशिन्स्की याने आपल्या ‘मातृभाषा’ (१८६४) या पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने मांडला, आणि तो आजही खोडून काढता येणार नाही. चित्रासमोर मूल क्रमाने, नेमके बोलू लागते, हा अनुभव खरा आहे. परंतु उशिन्स्कीच्या विचारात चित्र हे बोलण्याचे साधन होते. तोच क्रम रंगविण्याच्या तासाला लावला की साधन आणि साध्य यांची अदलाबदल होते, आणि बोलणे हे चित्राचे मापपट्टे बनते.

‘सोनेरी’ या शब्दाकडेच थोडे बारकाईने पाहिले तर त्यात एक मौज आहे. रशियन भाषेत सोन्याला ‘झोलोतो’, पिवळ्याला ‘झोल्ती’ आणि हिरव्याला ‘झेल्योनी’ म्हणतात. ‘झोल्ती’च्या आद्य व्यंजनाविषयी स्लाव्हिक व्युत्पत्तिशास्त्रात काही अडचणी असल्या तरी हे तिन्ही शब्द एका प्राचीन इंडो-युरोपीय मूळाशी जोडले जातात, आणि संस्कृतातील हिरण्य, हरि, हरित हे त्याच कुळातले. ज्या हरिद्रेपासून मराठीची हळद आली तिचाही संबंध याच कुळाशी लावतात. सोने, पिवळेपणा आणि कोवळा हिरवेपणा यांची नावे अशी सख्खी असावीत, आणि लेव्हितानच्या कॅनव्हासवर तेच तीन रंग एकमेकांच्या आधाराने उभे असावेत, हा अर्थात योगायोग आहे. व्युत्पत्तीवरून दृष्टी सिद्ध होत नाही. तरीही शिक्षकाने ‘सोनेरी’ म्हणजे पिवळा असे समीकरण फळ्यावर मांडताना हे लक्षात घेण्यासारखे आहे की, त्याची भाषादेखील मुळात इतकी कंजूष नव्हती.

शब्द दृष्टीला नेहमीच मारतो असे मात्र नाही. उलट बाजूचा पुरावाही रशियन भाषेतच आहे आणि तोही याच चित्रावर लागू पडणारा आहे. रशियनमध्ये निळ्यासाठी एक सामान्य शब्द नाही. गडद निळा ‘सीनी’ आणि फिकट निळा ‘गलुबोय’ असे दोन मूलभूत रंगशब्द तेथे आहेत, आणि मराठीत ‘आकाशी’ हा जसा निळ्याचाच एक प्रकार मानला जातो तसे ‘गलुबोय’ हा ‘सीनी’चा प्रकार मानला जात नाही. बर्लिन आणि के यांच्या मूलभूत रंगशब्दांवरील १९६९ च्या ग्रंथापासून या जोडीची चर्चा चालू आहे. २००७ साली जॉनथन विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, दोन निळ्या छटा या शब्दसीमेच्या दोन बाजूंना पडत असतील तर रशियन भाषक त्यांतील भेद अधिक त्वरेने ओळखतात. त्याच वेळी त्यांना मनात अंकांची मालिका धरून ठेवण्याचे शाब्दिक काम दिले की हा लाभ नाहीसा होतो, आणि इंग्रजी भाषकांत तो मुळातच दिसत नाही. हा परिणाम सेकंदाच्या अल्पांशाचा आहे, तेव्हा त्यावरून रशियन मुलाला स्येझा नदी निराळी दिसते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एवढे निश्चित की, ‘सुवर्ण शरद’मधील पाणी ‘सीनी’ आहे आणि आकाश ‘गलुबोय’ आहे, आणि रशियन मुलाजवळ त्या दोहोंतील भेदाला नाव आहे. शिक्षकाने विशेषणांची यादी करण्याऐवजी ‘या चित्रात किती निळे आहेत?’ एवढाच प्रश्न विचारला असता तर शब्दाने डोळ्याला वाट दाखविली असती. शब्द भेद करावयास लावतो की भेद पुसून टाकतो, एवढ्यावरच येथे सारे अवलंबून आहे.

मनोवृत्तीविषयीच्या प्रश्नाचीही तीच गत होते. चित्र प्रसन्न आहे यात शंका नाही. लेव्हितानच्या पुष्कळशा करड्या, ओलसर निसर्गचित्रांच्या मानाने ते अपवादात्मक प्रसन्न आहे. परंतु ज्या वर्षी ते रंगविले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, त्याच गोरका येथे, लेव्हितानने आत्मघाताचा प्रयत्न केला होता आणि त्याचा मित्र अंतोन चेखव्ह त्याला पाहावयास तेथे गेला होता. हे लहान मुलांना सांगावयाचे नसते हे खरे. पण शिक्षकाला ते ठाऊक असेल तर ‘प्रसन्न’ हे एकच उत्तर बरोबर धरून ‘उदास’ किंवा ‘थंड’ म्हणणाऱ्या मुलाला तो खाली बसविणार नाही.

या टीकेवर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अनुकरणाला नावे ठेवणारी एक मोठी परंपरा विसाव्या शतकात होऊन गेली. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक याने १८९७ पासून चालविलेल्या बालकलावर्गात मोठ्यांचे नमुने मुलांपुढे ठेवावयाचे नाहीत हे तत्त्व होते. रशियातही अनातोली बाकुशिन्स्की याने १९२५ च्या आपल्या ग्रंथात बालकाच्या सर्जनात अकाली हस्तक्षेप होऊ नये असा पक्ष मांडला. पण चिझेकच्या वर्गातील चित्रे पुढे एकमेकांसारखी दिसू लागली, इतकी की ती ओळखण्याजोगी एक शैलीच झाली, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी सोडली नाही. गोम्ब्रिख याने १९६० मध्ये, आणि बालचित्रांच्या संदर्भात ब्रेंट व मार्जोरी विल्सन यांनी १९७७ मध्ये, हे दाखवून दिले की मनुष्य चित्र काढतो ते बव्हंशी आधी पाहिलेल्या चित्रांवरून. मूल बोलावयास शिकते तेही ऐकलेल्या बोलण्यावरून. ‘आपली भाषा आपणच निर्माण कर’ असे त्याला कोणी सांगत नाही. मग लेव्हितानच्या अनुकरणातच काय वाईट?

काहीच नाही. भाषाशास्त्राचा दृष्टान्त घेतला तर तो पुरता घ्यावा, एवढेच. मूल आईचे बोलणे ऐकून तिची वाक्ये पाठ करीत नाही. त्या वाक्यांतील संबंध उचलते आणि आईने कधी न उच्चारलेली वाक्ये बोलू लागते. मुलाच्या बोलीतल्या चुकाच त्याची साक्ष देतात. ‘मी कर्लं’, ‘त्याने जाला’ म्हणणाऱ्या मुलाने हे रूप कोणाकडून ऐकलेले नसते. लेव्हितानकडून असे घेण्यासारखे बरेच आहे: ऊन दाखवावयाचे तर सावलीतले पाणी गडद असावे लागते, जवळचे झाड विरळ ठेवल्याने मागची राई घनदाट वाटते, दूरच्या हिरव्याने जवळचा पिवळा पेटतो. हे संबंध होत, आणि ते कोणत्याही झाडावर, कोणत्याही प्रदेशात चालतात. शाळेचा तास याच्या नेमके उलट करतो. तो संबंध टाकून देतो आणि शब्दसंग्रह ठेवतो: बर्च, पिवळे पान, निळी नदी.

याचा सर्वात मोठा तोटा ज्या मुलांना होतो ती मुले तव्हेर प्रांतातील नाहीत. रशिया हा देश एका ऋतूचा नाही. काळ्या समुद्राच्या काठी, सोचीच्या बाजूला, पुष्कळशी झाडे बारमाही हिरवी असतात. याकुतियात शरदाचे सोने बर्चपेक्षा लार्चच्या सुयांचे असते आणि ते लवकर येऊन लवकर जाते. टुंड्रात झाडे नाहीतच. तेथे जमीनच तांबडी होते. व्हिगॉट्स्कीने १९३० च्या बालकल्पनेवरील पुस्तिकेत सांगितले ते येथे उपयोगी आहे: कल्पना शून्यातून काही रचत नाही, अनुभवातले घटक घेऊनच ती रचते, आणि म्हणून मुलाचा अनुभव वाढविणे हाच त्याची कल्पना वाढविण्याचा मार्ग. याकुतियातील मुलाने बर्चची राई रंगविली तर त्याने लेव्हितानचा अनुभव उसना घेतला. स्वतःजवळचा लार्च त्याच्या रंगपेटीपर्यंत पोहोचलाच नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण तो आपल्याकडे भाषांतराच्या वाटेने आलेला आहे. युरोपीय पानगळीच्या ऋतूला आपण शरद म्हणतो. या लेखातही तसेच म्हटले आहे, आणि मराठीत दुसरा सोयीचा शब्द नाही. परंतु महाराष्ट्राचा शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा पाने झडत नाहीत. पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर हिरवे असतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पिवळे असते ते सोनकीचे फूल. साग, पळस, शेवरी यांची पानगळ पुढे, थंडी सरताना. आणि कुसुंब तांबडाभडक होतो तो पाने गळताना नव्हे, चैत्राच्या सुमारास नवी पालवी फुटताना. म्हणजे लेव्हितानच्या शब्दसंग्रहातील तांबडा रंग येथे मरणाचा नसून जन्माचा आहे. भिंतीवरच्या परदेशी दिनदर्शिकेवरून पिवळा शरद रंगविणारे मराठी मूल दोनदा फसते: एकदा रंगात आणि एकदा ‘शरद’ या शब्दात. याउलट दसऱ्याला ते ज्या पानाला ‘सोने’ म्हणते ते आपट्याचे पान हिरवे असते. हिरण्य आणि हरित यांचे जे नाते व्युत्पत्तिकाराला खटाटोपाने जुळवावे लागते ते येथे मुलाच्या मुठीत असते, आणि तरीही सोनेरी ऋतूचे चित्र काढ म्हटले की त्याचा हात पिवळ्या डबीकडे जातो.

लेव्हितान स्वतः शिक्षक होता, ही गोष्ट या तासात क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. १८९८ पासून मृत्यूपर्यंत त्याने मॉस्कोच्या चित्र-शिल्प-वास्तुकला विद्यालयात निसर्गचित्राचा वर्ग चालविला. अलेक्सेय साव्रासोव्ह आणि वासिली पोलेनोव्ह हे याच विद्यालयात त्याचे गुरू होते, आणि साव्रासोव्हचा आग्रह असा की विद्यार्थ्यांनी चार भिंतींबाहेर पडावे. लेव्हितानच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आठवणींत त्याच्या वर्गाचे जे वर्णन केले आहे ते विलक्षण आहे: त्याने कुंड्यांतील झाडे, शेवाळ, फांद्या आणवून वर्गातच रानाचा एक कोपरा उभा केला. रंगवावयाचे ते समोरच्या रानावरून. आज लेव्हितानच्या नावाने चालणाऱ्या तासात समोर रान नसते, लेव्हितान असतो. त्याच्या पद्धतीचे अनुकरण करावयाचे तर फळ्यावर प्रतिकृती लावण्यापूर्वी टेबलावर एक डहाळी आणून ठेवावी लागेल. ती बर्चचीच असली पाहिजे असे नाही.

आणि प्रतिकृती लावावयाचीच तर एक लावू नये, दोन लावाव्यात. भाषेतील ध्वनींचे मूल्य ठरविताना अभ्यासक ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांसारखी जोडी घेतो. बाकी सर्व समान आणि एकच ध्वनी भिन्न, म्हणून त्या ध्वनीचे कार्य उघडे पडते. लेव्हितानने शरद अनेकदा रंगविला, तेव्हा अशी जोडी शोधावयास दूर जावे लागत नाही. ‘सुवर्ण शरद’च्या शेजारी त्याचे १८७९ सालचे ‘सोकोल्निकीतील शरद-दिन’ ठेवावे. ते त्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी रंगविले आणि त्रेत्याकोव्हने विकत घेतलेले ते त्याचे पहिले चित्र. तेथेही पिवळी झाडे आहेत. पण ती कोवळी, किरकोळ, वाटेच्या कडेला लावलेली, आणि त्यांच्यामागे पाइनच्या काळसर भिंती. आकाश ढगाळ आहे, वाट ओली आहे. पिवळा तोच, शेजार निराळा, आणि म्हणून चित्राचा अर्थ निराळा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला यातले तत्त्व सांगण्याची गरज नाही. दोन्ही चित्रांतील पिवळा तळहाताने झाकून आधी उरलेले रंग पाहावयास सांगितले तरी पुरे. त्या वाटेवरून काळ्या पोषाखातील एक स्त्री चालत येते. निष्ठेने लेव्हितानचे अनुकरण करू पाहणारा शिक्षक तिचीही नक्कल मुलांकडून करवून घेईल. पण ती आकृती लेव्हितानने काढलेली नाही. ती त्याचा विद्यालयातील सोबती आणि अंतोन चेखव्हचा भाऊ निकोलाय याने काढली आहे.